जास्तीचा पाटा

मामांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी राग गिळला. दुसऱ्यांदा केलं तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं.

नांदेडला आमचं ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. कंपनीची नुसती चॅसी आणायची, तिच्यावर टिपरची ट्रॉली चढवायची, रंग मारायचा आणि गाडी मालकाच्या हवाली करायची, हे वडलांच्या काळापासूनचं काम. परदेशात गाड्या पाठवायचं खूळ माझं. पूर्व आफ्रिकेतला एक व्यापारी हैदराबादला आला होता, त्याला ओळखीतल्या एकानं आमच्याकडं आणलं. ट्रॉलीचं वेल्डिंग बोटानं चाचपून त्यानं थोड्या टिपरची ऑर्डर दिली. वेळेत आल्या तर पुढच्या सगळ्या तुमच्याकडूनच घेईन, म्हणाला. मी हुरळून गेलो. देगलूर-उदगीरच्या खडीवाल्यांच्या पलीकडं आपलं काम जावं, हे लई वर्षांपासून मनात होतं.

मामा म्हणजे आईचे भाऊ, लातूरचे. डाळ मिलच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. वडील गेल्यावर आईनं त्यांना बोलावून घेतलं, आणि वर्कशॉप टिकलं ते त्यांच्याच जिवावर. आता आमच्या भागात नवी गाडी आहे तशी कुणी रस्त्यावर काढत नाही. चाकावरच्या कमानीत, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगमध्ये, कंपनी जेवढे पोलादी पाटे देते, त्यात आणखी एक घालायचाच. कारण आमच्याकडं गाडीत मावेल तेवढं भरत नाहीत, वर ढीग होईस्तोवर भरतात, आणि रस्त्यांचं तर विचारूच नका. मालकाला ते मागावंही लागत नाही. लेक सासरी निघाली की आई डब्यात चार लाडू जास्तीचे टाकते, तसंच ते.

तर मामांनी आफ्रिकेच्या गाड्यांतही जास्तीचे पाटे घातले. मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. मी ट्रॉली बघण्यात गुंग. गाडीखाली वाकून कोण बघतो? मुंबईच्या बंदरावर तपासणीवाला वाकला. कागदात आहेत त्यापेक्षा पाटे जास्त, म्हणजे गाडीत फेरफार केलाय, असं म्हणून त्यानं सगळा माल अडवला. मी हात जोडले. अहो, यानं गाडी मजबूत होते, बिघडत नाही, असं परोपरीनं सांगितलं. कागदाप्रमाणं करून आणा, एवढंच तो म्हणत राहिला. त्याचंही काही चुकत नव्हतं, आणि खरा वैताग तोच होता. चिडायचं तरी कुणावर?

मामांना तातडीनं बोलावलं. तापलेल्या फरशीवर उताणं पडून त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेले पाटे स्वतःच्या हातानं काढले. तोवर जहाज निघून गेलं. गाड्या पुढच्या जहाजानं गेल्या, पण व्यापाऱ्यानं फोनवर माझी पार शोभा केली. लई गयावया केली तेव्हा म्हणाला, आणखी एक गाडी पाठव, ती वेळेत आली तरच पुढचं बोलू.

त्या एका गाडीवर सगळं होतं. मी मामांना दहादा बजावलं, कंपनीनं दिलेत तेवढेच पाटे ठेवायचे. हाव, तेवढेच ठेवतो, म्हणाले. तरी मी स्वतः गाडीखाली शिरून पाटे मोजले. बरोबर होते. जिवात जीव आला.

निघायच्या दिवशी सकाळी सहज केबिनमध्ये चढलो, तर सीटच्या मागं पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडून बघतो तर नवाकोरा पाटा! तेल लावून, सुतळीनं बांधून ठेवलेला. मी कपाळावर हात मारला. कागदावर नसलेलं हे लोखंड बंदरावर सापडलं असतं तर माझा धंदा तिथंच बसला असता. सगळ्या कामगारांदेखत मी मामांवर बरसलो. ही काय लातूरची डाळ मिल वाटली का, म्हातारपणी बुद्धी नाठी झाली का, जे तोंडाला येईल ते बोललो.

मामा फडक्याला हात पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिथं पाटा तुटला तर डायवर कुणाला हाक मारील? आपल्या हातची गाडी हाय ती. मला अशी धाडायला जमत न्हाई बाबा."

"मग हे कामच राहू द्या, मामा," मी म्हणालो.

तो पाटा त्यांनी खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवला आणि दुपारच्या एसटीनं लातूरला गेले. आईनं वाढलेलं ताटही तसंच राहिलं.

गाडी वेळेत पोचली. आता तिकडं आमच्या गाड्या नेमानं जातात, कुठं अडत नाहीत. किती गेल्या हे आई विचारत नाही. मामाला फोन केलास का, एवढंच विचारते, आणि मी चिडतो.

परवा आमचीच जुनी टिपर घेऊन मी लातूरकडं निघालो होतो, तर अहमदपूरच्या पुढं पाटा तुटला. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. बऱ्याच वेळानं, स्वतःवरच चरफडत, मामांना फोन लावला. कुठं हायस, एवढंच त्यांनी विचारलं, आणि सामान घेऊन आले. गाडीखाली शिरले. तुटलेला बदलला आणि न विचारता वर आणखी एक घातला. मी खाली वाकून त्यांच्या हातात पान्हा दिला.

ते बाहेर आल्यावर म्हणालो, "मामा, परत चला."

त्यांनी पान्हे पिशवीत भरले. "न्हाई रे," म्हणाले, "मी आलो की तुझ्या गाड्या अडत्यात."