शांताबाईंनी मुद्दाम घेतलेला झटका

मैत्रिणींनो, आज मन भरून आलंय, म्हणून लिहिते. लातूरच्या एका प्लास्टिक पिशव्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगचं काम बघते.

हिवाळ्यात हवा कोरडी झाली की पिशव्यांवर वीज साठते. मशीनजवळ बसणाऱ्या बाईच्या हातून गठ्ठा घेतला की झटका बसतो. दोन आठवड्यांपूर्वी त्या जागी सुनीता नवीन आली. तिनं गठ्ठा पुढं केला की बाकीच्या म्हणायच्या, "तिथंच ठेव गं." झटक्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आज सकाळी ती मला म्हणाली, "ताई, उद्यापासून येत न्हाई. माझ्या आईला लोक जातीमुळं वस्तू लांबूनच द्यायचे. इथंबी तेच हाय."

मी तडक उठले. सगळ्यांत जुन्या शांताबाईंना सांगितलं, तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं माय! आम्ही करंटला भ्यालो की!"

आज नेमका आयनायझर पंखा बसवणार होते. त्याच्या हवेनं पिशव्यांवरची वीज निघून जाते. पण तो सुरू व्हायच्या आधीच शांताबाई सुनीतासमोर उभ्या राहिल्या.

"दे हातात."

झटका बसला. त्या कळवळल्या, तरी हात पुढंच. "आन दुसरा."

सुनीता रडता रडता हसली. "मावशी, पंखा तरी लावू द्या की!"

ती उद्या येणार आहे. पण दोन आठवडे मी समोरच बसले होते, आणि तिचा चेहरा मला वाचता आला नाही. तुमचंही कधी असं झालंय का?