अवसेच्या दिवशी राहिलेला ओटा

“त्यास्ले काय, उननी सवय शे. बाहेरच बसाडा.”

मांडवाच्या कापडामागून हे ऐकू आलं तेव्हा मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून उभी होते. बोलणारे गावातले सगळ्यात जुने मिस्तरी होते. बैल कुठे बांधायचे ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. आवाजात राग नव्हता. समोर माझे वडील होते. ते नंदुरबारात वकिली करत आणि तालुक्याच्या प्रदर्शनाचे चिटणीस होते. “बघू, बघू,” ते म्हणाले. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता.

बाहेर बसवायचं होतं ते डोंगरातल्या मोलगीकडून आलेल्या एका नवराबायकोला. आदल्या संध्याकाळी ते बैलगाडीतून सागवानी खाटा घेऊन उतरले होते. खाटांचे पाय जाड, बिनरंगाचे, आणि विणकाम अंबाडीच्या दोरीचं, इतकं ताठ की बोटाने दाबलं तर बोटच दुखावं. त्यांना बोलावणं वडिलांनीच धाडलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी गोरे प्रांतसाहेब नव्या डाकबंगल्यासाठी खाटा-खुर्च्या इथूनच निवडणार, हेही शिपायाकरवी कळवलं होतं. त्या निवडीसाठीच तो माणूस डोंगर उतरून आला होता.

मी तेव्हा सुरतेच्या मिशन शाळेतून नुकती घरी परतले होते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची. मराठी बोलताना आधी मनात वाक्य जुळवावं लागे. अहिराणी आजोळची, कानाला गोड, पण जिभेवर यायची नाही. शाळेत ड्रॉइंग चांगलं होतं, एवढ्यावर मांडवाचा नकाशा माझ्याकडे आला.

सुतारांसाठी मी वेगवेगळी दुकानं काढली नव्हती. मांडवाच्या दोन बाजूंना फळ्यांचे लांब ओटे काढले होते. डावीकडे खुर्च्या, मेजं, कपाटं. उजवीकडे खाटा आणि पाळणे. कोणाचंही काम असो, खाट खाटेशेजारी आणि खुर्ची खुर्चीशेजारी. मधून माणसांनी सावकाश चालत जावं.

आमच्या ओसरीवर सुतारांना नकाशा दाखवला तेव्हा मी दाराआड होते. जुन्या मिस्तरींनी तो बराच वेळ हातभर लांब धरला.

“खुर्ची कोनी शे, हाई गिऱ्हाईकले कसं समजी?”

“चांगली दिसी ती तुन्ही नही, इतलं त्याले समजी जाई!” दुसरा सुतार म्हणाला.

मिस्तरी स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि त्या हसण्यात नकाशा पास झाला. दाराआड मला इतका आनंद झाला की तो कोणाला दिसू नये म्हणून मी विहिरीवर निघून गेले.

डावा ओटा झपाट्याने उभा राहिला. उजव्याचे खांब रोवले गेले, फळ्या येऊन पडल्या. आणि अवस आली.

आमच्याकडचे सुतार अवसेला हत्याराला हात लावत नाहीत. त्या दिवशी करवत, रंधा, वाकस धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. हे गावात सगळ्यांना माहीत. पण प्रदर्शनाची तारीख साहेबांच्या दौऱ्यावरून ठरली होती. समितीत कोणी पंचांग उघडलंच नव्हतं. उद्घाटन अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

“आधी सांगायचं नाही का?” वडील म्हणाले.

“आम्हले कोनी इचारं?” मिस्तरी म्हणाले. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला कुंकू. मी कापडाच्या कडेला दिसले तेव्हा ते मऊ होऊन म्हणाले, “कागदवर उभा करा मांडव, ताई. तठे अवस नही ऱ्हास.”

सगळे हसले. मीही हसले असेन. काय करावं हे कळलं नाही की मी हसत असे.

मग खाटांचं काय करायचं ते ठरलं. गावातल्या सुतारांच्या खाटा दाटीवाटीने डाव्या ओट्यावर घ्यायच्या. मोलगीच्या खाटांना तिथे जागा उरत नव्हती. म्हणून ते बाहेर.

तो माणूस इतका वेळ खांबांजवळ बसून होता. त्याला पावरी बोली येत होती, मराठी नाही. पण अर्धवट ओटा पाहून काय अडलं आहे ते त्याला कळलं असावं. तो उठला, गाडीतून आपली कुऱ्हाड घेऊन आला, पडलेल्या फळ्यांवर हात ठेवला आणि शिपायाशी काही बोलला.

“तो म्हणतो, मी बांधतो. संध्याकाळपर्यंत होईल,” शिपाई म्हणाला. “त्यांच्यात अवस पाळत नाहीत.”

मला वाटलं, सुटलं. मी गुंडाळी उलगडायलासुद्धा लागले.

मिस्तरी एकदम ताठ झाले. “आम्हना मांडवले दुसराना हात? आनि आज? वकीलसाहेब, मंग सकाय आम्हना माल उचलीसन लई जातस आम्ही.”

वडिलांनी फळ्यांकडे पाहिलं, कुऱ्हाडीकडे पाहिलं. “उद्या साहेब येणार. आज तंटा नको,” ते शिपायाला म्हणाले. “त्याला सांग, राहू दे.”

“दादा,” मी वडिलांना म्हणाले. पुढचं वाक्य मनात जुळत होतं.

“तू घरी जा,” ते मायेने म्हणाले. “ऊन लागेल तुला.”

मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दाराशी माझा नकाशा चौकटीत लावलेला होता, दोन्ही ओट्यांसह, जलरंगांत. आत एकच ओटा होता. उजवीकडच्या मोकळ्या खांबांना आंब्याची पानं बांधली होती. खाटा बाहेर बैलांच्या दावणीशेजारी होत्या. बाई खाटेवर बसली नव्हती; खाटेच्या चिंचोळ्या सावलीत, जमिनीवर बसली होती. नवरा मांडवाच्या दाराकडे तोंड करून उभा होता.

प्रांतसाहेब आत फिरले. छडीने एक खुर्ची दाखवली, मग एक खाट, आणि मागून येणारा कारकून लिहून घेत गेला. मिस्तरींच्या खाटेपाशी ते थांबले. खाट चांगलीच होती. मग बग्गीकडे निघताना ते नकाशासमोर उभे राहिले आणि हा कोणी काढला, असं विचारलं. वडिलांनी माझ्या खांद्याला धरून मला पुढे केलं. मला वाटतं, अभिमानाने.

साहेब म्हणाले, फार सुंदर, अगदी नकाशाबरहुकूम झालं आहे सगळं.

वडील माझ्याकडे बघत होते. मी आभार मानायचे होते. बग्गीचा पट्टेवाला दार उघडून उभा होता. मी इंग्रजीतच बोलले, म्हणजे मधे कोणाला ते गोड करून सांगता येणार नाही. आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला.

“साहेब, नकाशात मोलगीच्या खाटा आत आहेत. त्या बाहेर ठेवल्या आहेत, बैलांपाशी. तुम्ही अजून त्या पाहिल्या नाहीत.”