ओलं फडकं

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही ऐकून घ्याल — नाही, तसंही नाही. आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

मी वर्ध्यात पुतळे करतो. चौकातले, शाळांमधले. छाती पुढे, मान ताठ, नजर लांब. तीस वर्षं मान एकच करत आलो, चेहरे तेवढे बदलले. उन्हाळ्यात शिकवणीही घेतो. दहा-बारा जण येतात, निम्मे दुसऱ्या आठवड्यात गळतात.

त्यातच मंदाताई आल्या. गिरडकडच्या, शेतकरी घरातल्या, चाळिशी ओलांडलेल्या. उन्हाळ्यापुरत्या इथे भावाकडे राहत होत्या. वारलेल्या बाबांचा चेहरा करायचा म्हणाल्या. फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा. मी मनात हसलो.

पंधरा दिवसांत त्या बाईनं काय केलं, सांगू? बाबांची मान डाव्या खांद्याकडे जराशी कललेली — कोणी बोलायला लागलं की ते तसेच ऐकायचे म्हणे. त्या मातीसमोर उभं राहिलं की आपणच काहीतरी बोलावं असं वाटायचं. माझ्या एका तरी पुतळ्याशी कुणाला बोलावंसं वाटलं असेल का? जळलो मी. सरळ सांगतो, जळलो.

मग पुलगावला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. चार दिवस जायचं होतं. अर्धवट कामावर फडकं ओलं ठेवावं लागतं, नाहीतर माती सुकून तडकते — आणि त्यात आमच्याकडचा मे महिना!

"सर, फडकं तेवढं ओलं ठेवजा. बाबाले तुमच्या भरोशावर सोडून चालली," म्हणाल्या.

विसरलो असतो तर सांगण्यासारखं काही नव्हतं. मी विसरलो नाही. रोज सकाळी त्या फडक्याला हात लावून पाहायचो. पहिल्या दिवशी दमट होतं. दुसऱ्या दिवशी पापडासारखं कडक. पाण्याची बादली हातभर अंतरावर. बाकी सगळ्यांच्या कामांवर मी पाणी मारलं — सगळ्यांच्या, बरं का. चौथ्या दिवशी उचलून पाहिलं. कानापासून हनुवटीपर्यंत भेग, आणि मान आतल्या लाकडी सांगाड्यापासून सुटलेली.

आणि मग — इथं जीभ अडते — त्या यायच्या तासभर आधी मी ते फडकं बादलीत बुचकळलं, पिळलं आणि पुन्हा नीट पांघरलं.

त्यांनी फडकं काढलं. रडल्या नाहीत. हातातलं ओलं फडकं चाचपत म्हणाल्या, "तुम्ही तं पाणी मारून राह्यले होते, सर. माहीच माती कच्ची मळली गेली का?"

"हो," मी म्हणालो. "मळण्यात कमी पडलात."

बाप्पा! किती सहज निघालं तोंडातून.

त्यांनी पुन्हा मातीला हात लावला नाही. आपल्या हातात गुणच नाही, असं सगळ्यांना सांगत राहिल्या. वर्षभरानं मात्र आल्या — बाबांचा पुतळा मीच करून द्यावा, हे सांगायला. नाही म्हणायला तोंड होतं का मला? केला. ती कलती मान तीनदा करून पाहिली. जमली नाही. शेवटी नेहमीची ताठच ठेवली. पोचवायला गेलो तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. "मान थोडी..." म्हणाल्या आणि थांबल्या. "जाऊ द्या. तुमाले जास्त समजते."

आजही प्रत्येक नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी माती मळायला लावतो आणि न मळल्यानं काय होतं, ते मंदाताईंचं नाव घेऊन सांगतो.

गिरडला त्यांच्या बैठकीत तो पुतळा आहे. त्या बाजूला गेलो की त्या मला चहाला थांबवून घेतात, शेजारपाजारच्यांना हाका मारतात. "हे माहे बाबा. माह्या हातानं बिघडले होते. सरायनं नीट करून देल्ले."

मी तिथेच बसलेला असतो. चहा पितो.