न्हाव्याचा गुलाब

चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरून निवृत्त झालेल्या न्हाव्याला वाढलेलं काही बघवत नसे. वसंतात अंगणातल्या गुलाबाला कळ्या आल्या रे आल्या, की हा कात्री घेऊन हजर, आणि झाडाचा पार चकोट. यंदा बायकोने वैतागून कात्री गुपचूप पिठाच्या डब्यात दडवली. महिनाभर त्याचे हात शिवशिवत राहिले आणि तिकडे गुलाब असा डवरला, की शेजारीपाजारी बघायला आले.

"आता तरी पटलं?" बायको म्हणाली.

न्हाव्याने झाडाभोवती चक्कर मारली, फांद्यांतून बोटं फिरवली, मान तिरकी करून नीट पाहिलं.

"समोरून झकास. मानेवर जरा सुटलंय," तो म्हणाला. "जा, पिठाच्या डब्यातली कात्री आण."