फुलाबाईंची संशयी नजर आणि बोर्डोची बाटली

फुलाबाईंची लेक सारिका पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात वाईन पारखायचं काम करते. माल विकत घेण्याआधी चाखायचा आणि घ्यावा की नाही ते सांगायचं. फुलाबाईंना हे काम कधी पटलं नाही. भोरच्या विहारात दर रविवारी त्या पंचशील म्हणतात, आणि पाचवं शील मद्यापासून दूर राहायचं. त्यामुळे सारिका एसटीतून उतरून घरी आली की पाण्याचा तांब्या देण्याच्या निमित्तानं त्या तिच्या तोंडाजवळ वाकायच्या. वास कधीच आला नाही. तरी शंका जात नव्हती.

एका सुट्टीला सारिकानं पिशवीतून बाटली काढली. फ्रान्सच्या बोर्डो भागातली तांबडी वाईन, वीस वर्षं मुरलेली, असं ती हॉटेलला विकू पाहणारा व्यापारी सांगत होता. हॉटेलच्या साहेबांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"माझ्या घरात?" फुलाबाई म्हणाल्या.

"लपून केलं तर तुला आणखी संशय येईल. समोर बस आणि बघ."

त्या बसल्या. सारिकानं काचेच्या ग्लासात थोडीशी ओतली, पांढऱ्या टॉवेलवर ग्लास कलता धरून कडेचा रंग बघितला, गोल फिरवून बराच वेळ हुंगला. मग घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. फुलाबाईंची नजर तिच्या गळ्यावर होती.

"थुंकायचं तर तोंडात घेतीस कशाला?"

"हिरडा चावल्यावर जीभ कशी आवळती? नव्या वाईनीत तसा तुरटपणा असतो. मुरली की तो मऊ होतो. ही अजून आवळतीय. कडेला विटकरी रंग यायला पायजे, तर ही जांभळाच्या रसासारखी."

"मंजी?"

"बाटलीवर जुनं वर्ष, आत नवा माल. कुणीतरी फसवतंय."

"आन् तू गिळलीस किती?"

सारिकानं ग्लास खाली ठेवला. "आज न्हाई. हॉटेलात कधीमधी घोटभर जाती पोटात. तुझ्याशी खोटं बोलणार न्हाई." भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडं बघत ती म्हणाली, "आबांनी शील घेतल्यावर दारूला हात लावला न्हाई. तरी तू रोज त्यांचं तोंड हुंगायचीस. त्यांना कळायचं, आई."

फुलाबाईंनी बादली मोरीत रिकामी केली आणि वरून बराच वेळ पाणी ओतत राहिल्या.

सारिकानं साहेबांना फोन करून माल घेऊ नका म्हणून सांगितलं. साहेबांनी आणखी बाटल्या तपासायला मागितल्या, तेव्हा व्यापाऱ्यानं फोन उचलणंच बंद केलं. हे ऐकून फुलाबाई नुसत्या "हं" म्हणाल्या.

पुढं एकदा विहारातून निघताना शेजारच्या रतननं विचारलं, "तुमची सारिका पुण्यात नेमकं काय करती वो?"

फुलाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "खोटा माल पकडती," त्या म्हणाल्या, आणि कसला माल हे रतननं विचारायच्या आत चालू लागल्या.