वाकडी शिरोरेषा

गेल्या गुरुवारी एका फॉन्टशी भांडता भांडता मी थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन पोचले. ऐकायला गंमत वाटते, पण तेव्हा माझी चांगलीच तंतरली होती.

मी ग्राफिक डिझायनर, करंजाड्यात घरूनच काम करते. पनवेलात टपाल नाक्याजवळ सॉलोमनकाकांचं चष्म्याचं जुनं दुकान आहे. आता काका करंजाड्याला दुसरं काढतायत, आणि बोर्डापासून चष्म्याच्या डबीपर्यंत सगळं नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं.

त्यासाठी मी एक झकास सॅन्स सेरिफ फॉन्ट घेतला. म्हणजे अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत, नक्षी नाही, साधी सरळ अक्षरं. अख्खं कुटुंबच ते... केसासारख्या थिनपासून जाडजूड ब्लॅकपर्यंत, मराठी-इंग्रजी दोन्ही. बोर्डावर ठसठशीत आणि डबीच्या आतल्या बारीक ओळीतही स्वच्छ वाचता येणारा. मी खूश!

आणि मग शिरोरेषा वाकायला लागली.

'चष्मा' लिहिलं की मधेच रेघेला झोळ. आधी वाटलं स्क्रीन बिघडली. प्रिंट काढली... त्यातही तेच. माझं टाळकंच सरकलं.

फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीला सणसणीत मेल टाकला, सोबत स्क्रीनशॉट आणि त्यावर लाल बाण. त्यांचं उत्तर एकदम गोड, "मॅडम, आम्ही तपासलं, रेघ सरळ आहे." मी परत बाण काढून पाठवला... या वेळी दुसऱ्याच अक्षरावर, कारण आता तिथे वाकडी दिसत होती. बाई डोक्यावर पडलीय असंच वाटलं असणार त्यांना.

शुक्रवारी बोर्ड कापायला जायचा होता. म्हणून गुरुवारी सकाळी प्रिंट घेऊन तणतणत काकांकडे गेले. म्हटलं, काका, फॉन्ट बदलावा लागणार, यात खोट आहे.

काकांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "कुठे गं वाकडी?" मी बोट ठेवून दाखवलं. पण ते कागदाकडे बघेचनात... माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मग त्यांनी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि त्या रेघेखाली ठेवली. "आता सांग."

पट्टीपण वाकडी दिसत होती.

अहो, स्टीलची पट्टी! मी तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला सरळ लागत होती, आणि डोळ्याला तिच्या मधोमध झोळ दिसत होता.

काकांनी मला उजवा डोळा झाकायला लावला. सगळं सरळ. मग डावा झाकला... आणि रेघ वाकलीच, वर मधे एक करडा डागही दिसला. इतके दिवस दोन्ही डोळे उघडे ठेवून मी भांडत होते, त्यामुळे डाग असा कधी लक्षातच आला नव्हता.

"बाय, फॉन्ट राहू दे बाजूला," काका म्हणाले. "हे काय आहे ते मी सांगू शकत नाही, ते डॉक्टरच सांगतील. पण उद्यावर टाकायचं नाही. चल."

मंदारला, म्हणजे नवऱ्याला, फोन लावला. तो न्हावा शेवा बंदरातल्या ऑफिसातून लगेच निघाला आणि कंटेनरच्या रांगेत अडकला. इकडे काकांनी बसलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडले, भरदिवसा शटर ओढलं आणि मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. तशी वेळ कुणावर येऊ नये... पडदा सुटला असेल तर? डोळाच गेला तर? रंग, अक्षरं, अंतरं, यांच्याशिवाय मला दुसरं काही म्हणजे काही येत नाही हो. शेजारी काका हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होते, त्यांची प्रार्थना असावी. मी विचारलं नाही, पण त्या आवाजाला धरून बसले होते.

स्कॅन झाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पडदा जागेवर आहे. त्याच्याखाली थोडं पाणी साचलंय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप ओसरतं, पण तपासायला येत राहायचं, हयगय करायची नाही. मग विचारलं, "झोप किती होते?" जागरणाने आणि ताणानेही हे होतं म्हणे.

बाहेर आले आणि काकांना बघून भोकाडच पसरलं. मंदार धापा टाकत आत शिरला तो नेमका तेव्हाच. बिचारा, बायको रडतेय बघून पांढराफटक पडला! काकांनीच त्याला समजावलं.

बोर्ड काकांनी थांबवलाय. "दुकान कुठे पळून जात नाही," म्हणाले. कंपनीला माफीचा मेल पाठवला, तर त्यांनी उलट एवढंच विचारलं... डोळा कसा आहे आता? मला भरूनच आलं. नक्षीदार अक्षरं घेतली असती तर हा झोळ मला किती दिवस कळला नसता, कोण जाणे.

काका, तुमचे आभार मानायला गेले तर तुम्ही रागावता, म्हणून इथे मानतेय. तुम्ही त्या दिवशी कागद सोडून माझ्याकडे बघितलंत.

आणि बाकीच्यांनो, हे वाचून झालं की एक करा. एक डोळा झाका आणि समोरच्या दाराची चौकट बघा... मग दुसरा झाका. सरळ दिसली तर लागा आपल्या कामाला. आणि वाकली, तर सुताराला शिव्या घालत बसू नका... आजच डॉक्टर गाठा.