बिनविरोध न झालेली निवडणूक

“हे तुम्हीच लिहिलंय ना, ताई?”

घडीचा पेपर माझ्या टेबलावर उघडून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. भडगावच्या पुढच्या गावातून सकाळच्या एसटीने जळगावला आले होते. नाव दौलतनाना. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली, ऑफिसात सगळे फोन एकदम वाजत होते. मी मान वर न करताच हो म्हटलं.

लेख माझाच होता. प्रत्येक निवडणुकीआधी आम्ही एकेका मतदारसंघाचा इतिहास छापायचो. कोण उभं होतं, कोण आलं, कितीने आलं. नानांचा मतदारसंघ आमच्या भाषेत ‘सेफ सीट’. म्हणजे निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक. आधी वडील आमदार, मग मुलगा, आता पुन्हा तोच मुलगा. असल्या जागेचा इतिहास लिहायला मला एक दुपार पुरली होती.

नानांनी एका ओळीवर बोट ठेवलं. आमदारांच्या वडिलांच्या एका जुन्या निवडणुकीपुढे मी लिहिलं होतं, ‘बिनविरोध निवड’.

“त्या वेळी मी उभा होतो. अपक्ष. कपबशी निशाणी होती.”

“खूप जुनी गोष्ट आहे, नाना. दुसरी एखादी निवडणूक तर नव्हे?”

“मी एकदाच लढलो, ताई.”

पिशवीतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. नमुना मतपत्रिका. शिक्का कुठे मारायचा हे मतदारांना कळावं म्हणून उमेदवार छापून वाटतात ती. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच ती छापतात. त्यावर दोनच नावं होती. दुसरं त्यांचं.

“पण यानं एवढं काय बिघडलं?” मी विचारलं. आज तो प्रश्न आठवला तरी लाज वाटते.

गिरणेच्या कालव्याचं पाणी शेवटच्या गावांपर्यंत पोचत नाही, म्हणून नाना तेव्हा उभे राहिले होते. अजूनही पाणी मागणाऱ्या समितीचे तेच पुढारी होते. माझा लेख आला आणि गावच्या बैठकीत कुणीतरी तो मोठ्याने वाचला. बिनविरोध म्हणजे बाकीच्यांनी माघार घेतली. आणि माणसाने माघार घेतली की गाव एकच गोष्ट विचारतं, त्यासाठी काय घेतलं.

“बठ्ठा इचारतस माले,” नानांचा आवाज फाटला, “नाना, माघार लेवाले काय लिधं? माझ्या वयाची माणसं आता राहिली नाहीत, ताई. पोरांना पेपर खरा वाटतो.”

त्यांना बसवून मी जुन्या अंकांच्या खोलीत गेले. लेखासाठी पाहिलेला अंक पुन्हा काढला. ‘निवडणूक बिनविरोधाच्या वाटेवर’ असा मथळा होता. माघारीची मुदत संपायच्या आदल्या दिवशीचा. बातमीची शेवटची ओळ होती, ‘एक अपक्ष माघारीस तयार नाही’. मी मथळ्यावर थांबले होते. निकालाचा अंक आमच्या फाइलमध्ये नव्हता, धुळ्याच्या ऑफिसात होता. एक फोन करायचा होता. सेफ सीट आहे, कोण बघतंय, म्हणून केला नव्हता.

आता केला. अर्ध्या तासात धुळ्याहून मोबाइलवर फोटो आला. निकालात नानांचं नाव होतं. त्यांची अनामत वाचली होती. अनामत वाचायला सहा मतांमागे एकाहून जास्त मत पडावं लागतं. बड्या घराविरुद्ध, कपबशीवर.

मी देसलेसरांकडे गेले. ते आमचे संपादक.

“जिंकलं कोण?” त्यांनी विचारलं.

“तेच, सर.”

“मग?”

“बिनविरोध नव्हती ना, सर. या माणसाची गावात बदनामी झालीय. पहिल्या पानावर घेऊ या.”

“पहिल्या पानावर जागा कुठाय? आत खुलासा टाक. आणि नाव नको. उद्या प्रत्येक पडलेला उमेदवार येऊन बसेल.”

मी भांडायला हवं होतं. पण त्या दिवशी माझे आणखी दोन मतदारसंघ लिहायचे राहिले होते. बाहेर येऊन मी नानांना म्हटलं, “उद्या छापून येईल.” त्यांनी हात जोडले. नावाचं मी बोलले नाही.

खुलासा तीन ओळींचा आला, आतल्या पानावर, बाजारभावाखाली. संध्याकाळी नानांचा फोन आला.

“वाचलं, ताई. गावात दाखवलं. ते म्हणतस, याम्हा तुमनं नाव कोठे शे?”

मग तेच म्हणाले, “राहू द्या. तुमचं काम वाढवलं.”

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गावात आमदारांची सभा होती. मी पत्रकारांच्या खुर्च्यांत बसले होते. आमदार म्हणाले, “माझ्या वडिलांना तर तुम्ही एकदा बिनविरोध निवडून दिलं होतं!” टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला नाना उठले. “हाई खोटं शे!” दोन कार्यकर्त्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. कुणीतरी हसलं. मला सगळं माहीत होतं. मोबाइलमध्ये निकालाचा फोटोसुद्धा होता. मी उठले नाही. ऑफिसात येऊन ‘सभेला मोठा प्रतिसाद’ अशी बातमी दिली.

आमदार अपेक्षेप्रमाणे निवडून आले. पाणी समितीने दुसरा पुढारी निवडला. नानांनी समितीच्या बैठकांना जाणं बंद केलं, असं आमच्या भडगावच्या वार्ताहराने मला सांगितलं. मी त्यांना भेटायला गेले नाही.

आता मी निवृत्त आहे. इंटरनेटवर त्या मतदारसंघाचा इतिहास तीन-चार ठिकाणी सापडतो. सगळीकडे ‘बिनविरोध’. वाक्यरचना माझीच आहे, स्वल्पविरामासकट. दुरुस्तीसाठी मी सगळ्यांना फोटोसह लिहिलं. एकाचंही उत्तर नाही.

नव्या पत्रकारांना एवढंच सांगते. चुरशीच्या जागेची बातमी चुकली तर दहाजण फोन करतात. सेफ सीटची चूक पकडणारा एखादाच असतो, आणि तो निवडणूक हरलेला असतो. तो ऑफिसात आला तर त्याचं नाव छापा.